जलसाघर: शेवटची मोहर उधळणारा जमीनदार आणि त्याच्या मागे उरलेलं संगीत

एक पडका वाडा. गच्चीवर आरामखुर्चीत बसलेला एक वयस्क माणूस. नोकर त्याच्यासाठी पेय घेऊन येतो, तेव्हा तो विचारतो, हा कोणता महिना चालू आहे? ज्याला महिनाही ठाऊक नाही त्याचे दिवस कसे जात असतील, हे आपल्याला तिथेच कळतं. इतक्यात लांबून सनईचे सूर येतात. शेजारच्या नवश्रीमंत सावकाराच्या घरी मुलाची मुंज आहे. म्हाताऱ्याला आपल्या मुलाची मुंज आठवते आणि गोष्ट मागे जाते.

सत्यजित रे यांचा 'जलसाघर' हा बंगाली चित्रपट असा सुरू होतो. तो १९५८ साली प्रदर्शित झाला. लांबी सुमारे १०० मिनिटं, कृष्णधवल. भारतीय शास्त्रीय संगीत पडद्यावर कसं दाखवावं, याचं उदाहरण म्हणून आजही त्याचं नाव घेतलं जातं. 'एका दिलदार जमीनदाराची शोकांतिका' असं त्याचं वर्णन अनेकदा होतं, पण ते अर्धवट आहे. संगीतावरचं प्रेम आणि संगीताचा यजमान असण्याचा माज यांत फरक काय, हा या चित्रपटातला खरा प्रश्न आहे. तो नीट समजून घ्यायचा तर कथेबरोबर थोडा इतिहास आणि थोडं संगीतही पाहावं लागतं.

गोष्ट काय आहे?

विश्वंभर राय हा बंगालमधल्या नदीकाठचा जमीनदार. काळ साधारण १९२० च्या दशकातला. घरात पत्नी महामाया आणि एकुलता एक मुलगा, त्याला सगळे 'खोका' म्हणतात. पदरी हत्ती आहे, तुफान नावाचा घोडा आहे, ताराप्रसन्न नावाचे कारभारी आहेत आणि अनंत नावाचा जुना नोकर आहे. वाड्यात एक मोठा दिवाणखाना आहे. भलंमोठं झुंबर, उंच आरसा, भिंतींवर पूर्वजांची तैलचित्रं, खाली गालिचे आणि तक्के. हाच जलसाघर, म्हणजे मैफलींचा दिवाणखाना.

बाहेर नदी जमीन खात चालली आहे, वसूल येत नाही, तिजोरी रिकामी होत आली आहे. आपल्याकडे म्हणतात तसं, बडा घर पोकळ वासा. तरी मुलाच्या मुंजीला मैफल व्हायलाच हवी, म्हणून बायकोचे दागिने बाहेर निघतात. पुढे शेजारचा महिम गांगुली बंगाली नववर्षाच्या दिवशी आपल्या घरच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन येतो. विश्वंभर तिथल्या तिथे ठरवतो की त्याच दिवशी मैफल आपल्याही घरी होईल. माहेरी गेलेल्या बायकोला आणि मुलाला तो तातडीनं परत बोलावतो. ते नावेनं निघतात, वाटेत वादळ गाठतं आणि दोघंही बुडतात.

जलसाघराला कुलूप लागतं. वर्षं जातात. आणि एके दिवशी कळतं की महिमच्या नव्या घरात कृष्णाबाई नावाच्या प्रसिद्ध नर्तकीचा कार्यक्रम आहे. विश्वंभर उरलेसुरले पैसे काढायला लावतो, कुलूप उघडलं जातं, झुंबर पुसलं जातं आणि तीच नर्तकी त्याच्या दिवाणखान्यात नाचते. त्या रात्रीनंतर त्याच्याकडे काहीच उरत नाही. पहाटे तो दारूच्या आणि अभिमानाच्या नशेत तुफानवर बसून नदीकाठानं भरधाव निघतो, घोडा बुजतो, तो खाली पडतो आणि मरतो.

कथा मूळची ताराशंकर बंद्योपाध्याय यांची. 'गणदेवता' या कादंबरीसाठी पुढे ज्ञानपीठ मिळालेले हे लेखक स्वतः बीरभूम जिल्ह्यातल्या लाभपूरच्या एका लहान जमीनदार घराण्यातले होते. मोडकळीला आलेलं घराणं कसं दिसतं, कसं बोलतं, हे त्यांना बाहेरून अभ्यासावं लागलं नव्हतं.

बंगालचा जमीनदार नेमका कोण होता?

मराठी वाचकाला इथे थोडं थांबावं लागतं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच भागात इंग्रजांनी रयतवारी पद्धत लावली होती. सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घ्यायचं. इनामदार, जहागीरदार, कोकणातले खोत, विदर्भातले मालगुजार आपल्याला माहीत आहेत, पण बंगालचा जमीनदार हे प्रकरण वेगळं होतं.

१७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसनं बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणली. सरकारला द्यायचा सारा एकदाच ठरला, तोही कायमचा. सुरुवातीचा हिशेब असा होता की वसुलीच्या ११ हिश्श्यांपैकी १० कंपनीला द्यायचे आणि १ जमीनदारानं ठेवायचा. पुढे खंड वाढले, नवी जमीन लागवडीखाली आली, सरकारचा आकडा मात्र तोच राहिला. मधला फायदा जमीनदाराचा.

या सुखाला एक अट होती. ठरलेल्या तारखेला सूर्य मावळायच्या आत सारा भरला नाही, तर जमीन लिलावात जायची. लोक त्याला 'सूर्यास्ताचा कायदा' म्हणत. नदीनं अर्धी जमीन गिळली तरी सरकारी आकडा आपोआप कमी होत नसे. त्यात प्रत्येक पिढीत वाटण्या, खर्चाची जुनी सवय आणि सावकाराचं व्याज. विश्वंभरसारख्यांची घराणी बसली त्याच्या मुळाशी ही साधी आकडेमोड होती.

चित्रपट आला तेव्हा ही व्यवस्था नुकतीच संपली होती. पश्चिम बंगालमध्ये जमीनदारी संपवणारा कायदा १९५३ मध्ये झाला. म्हणजे १९५८ चा प्रेक्षक जे पाहत होता ते त्याच्या कालपरवाचं होतं. प्रेक्षकांत अशा घराण्यांतली माणसं होती, आणि अशा घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या खंड भरणाऱ्या कुळांची मुलंही होती.

रे यांनी हा विषय का निवडला?

'पथेर पांचाली' १९५५ मध्ये आला आणि गाजला. त्याचा पुढचा भाग 'अपराजितो'. या चित्रपटाला १९५७ मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला. पण बंगालमध्ये तो तिकीटबारीवर चालला नव्हता. पुढचा चित्रपट थोडा चालायला हवा, त्यात गाणं-नाचणं असावं, असा व्यवहारी विचार रे यांनी केला होता. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

पण हाती आलं ते वेगळंच. त्या काळच्या चित्रपटांत गाणं आलं की कथा थांबायची. इथे गाणं सुरू झालं की कथा पुढे सरकते. नायक-नायिका गात नाहीत. गाणारे खरे गवई आहेत, ते मैफलीतच गातात आणि कॅमेरा ऐकणाऱ्यांकडे पाहत राहतो. कोण डोळे मिटून ऐकतंय, कोणाची चुळबुळ चालली आहे, कोणाचं लक्ष झुंबराच्या किमतीकडे आहे, हे सगळं आपल्याला दिसतं. रे यांना माणसांबद्दल जे सांगायचं आहे ते त्यांच्या ऐकण्याच्या तऱ्हेतून सांगितलं जातं.

तीन मैफली कशा पाहाव्यात?

चित्रपटाचा सांगाडा तीन मैफलींचा आहे. त्या एकापुढे एक ठेवल्या की विश्वंभरचा प्रवास स्पष्ट होतो.

पहिली मैफल मुलाच्या मुंजीची. इथे गातात बेगम अख्तर, पडद्यावरचं नाव दुर्गाबाई. ठुमरी आहे. दिवाणखाना भरलेला आहे, अत्तर शिंपडलं जातंय, यजमान खुशीत आहे. मैफलीनंतर तो झिंगलेल्या अवस्थेत वर येतो आणि बायको त्याला खर्चावरून सुनावते. दागिने गेले आहेत, पण घर अजून शाबूत आहे. माणूस उधळ्या असला तरी त्याचा आनंद खरा आहे. तो मुलाला शेजारी बसवून गाण्याचा रियाज करून घेतो, स्वतः इसराजवर साथ करतो. संगीत या घरात दाखवण्यापुरतं नाही, हे त्या प्रसंगातून कळतं.

दुसरी मैफल नववर्षाची. ही मुळात ईर्षेतून ठरलेली आहे. बाहेर वादळ उठलंय आणि आत ख्याल चालू आहे, राग मियाँ की मल्हार, म्हणजे पावसाचा राग. विजा चमकतायत. विश्वंभरचं लक्ष गाण्यात नाही. त्याच्या हातातल्या पेल्यात एक किडा पडून तडफडतोय आणि तो त्याच्याकडे पाहत राहतो. बायको-मुलगा अजून पोचलेले नाहीत. ज्याचा जीव गाण्यात आहे असं आपण समजत होतो, त्याला त्या रात्री गाणं ऐकूच येत नाही, आणि ती मैफल भरवलेली आहे त्यानंच. सगळ्या चित्रपटातला सर्वांत कठोर प्रसंग हाच असावा. तो उठून बाहेर धावतो तेव्हा उशीर झालेला असतो.

तिसरी मैफल कृष्णाबाईची. नाचतात रोशनकुमारी, जयपूर घराण्याच्या नामांकित कथक नर्तकी. पुढे त्यांनी मुंबईत संस्था काढून अनेक वर्षं विद्यार्थी घडवले. तबला, घुंगरू, चक्री, वाढत जाणारी लय. नाच संपतो आणि महिम गांगुली उठून पहिली बिदागी द्यायला हात पुढे करतो. विश्वंभर आपल्या काठीच्या मुठीनं त्याचा हात अडवतो. पहिली बिदागी देण्याचा मान यजमानाचा. मग तो आपल्याकडची शेवटची नाणी नर्तकीपुढे ठेवतो.

प्रेक्षक इथे विश्वंभरच्या बाजूनं होतो. महिमची जिरली म्हणून बरंही वाटतं. पण जरा विचार केला की लक्षात येतं, या क्षणी नाच बाजूला पडला आहे. रोशनकुमारींनी काय केलं याकडे दोघांचंही लक्ष नाही. पहिली बिदागी कोणी द्यायची याची ही चढाओढ आहे, आणि विश्वंभर ती जिंकतो. या विजयापायी त्याचं सगळं जातं.

पहिल्या मैफलीत संगीत आणि मान एकत्र नांदत होते. दुसऱ्या मैफलीत मानानं संगीताला गिळलं आणि तिसऱ्यापर्यंत मानच उरला.

महिम गांगुली खलनायक आहे का?

गंगापद बसू यांनी उभा केलेला महिम हास्यास्पद आहे. कपडे नवे, बोलणं लाळघोटं, मैफलीत बसण्याची रीत माहीत नाही. त्याच्याकडे विजेचा जनित्र आहे, मालमोटार आहे. एका दृश्यात विश्वंभरचा हत्ती मैदानात उभा आहे आणि महिमची मोटार धुरळा उडवत जाते. त्या धुरळ्यात हत्ती दिसेनासा होतो. एक काळ जाऊन दुसरा आल्याचं याहून थोडक्यात सांगणं अवघड.

पण रे महिमला दुष्ट करत नाहीत. त्याला घराणं नाही, हे तो जाणतो. पैसा त्यानं कमावला आहे, वारशानं मिळवलेला नाही. मोठ्या माणसांत आपल्याला बसू द्यावं एवढीच त्याची धडपड. आणि एक गोष्ट विसरता येत नाही, कृष्णाबाईला गावात पहिल्यांदा बोलावलं ते महिमनं. त्याला समेची जागा कळत नसेल, पण नर्तकीची बिदागी त्याच्या पैशांतून निघणार होती आणि कर्ज काढून निघणार नव्हती. जाणकार यजमान दिवाळखोर आहे, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला जाण नाही. कलेच्या आश्रयाचा हा पेच विश्वंभरबरोबर संपलेला नाही.

आणखी एक वर्ग या दिवाणखान्यात दिसतच नाही. ज्यांच्या खंडातून ते झुंबर आलं ती कुळं. चित्रपट त्यांच्याकडे वळत नाही, त्याचं लक्ष एका माणसाच्या आंधळेपणावर आहे. त्या माणसाला ती कुळं दिसत नव्हती, म्हणून ती आपल्यालाही दिसत नाहीत, असं या निवडीचं समर्थन करता येईल. ते सगळ्यांना पटेलच असं नाही. पण झुंबराकडे पाहताना हा हिशेब मनात ठेवायला हवा.

तो वाडा खरा होता का?

हो, आणि त्यामागचा किस्सा चित्रपटाइतकाच प्रसिद्ध आहे. रे आणि त्यांचे सहकारी पडक्या वाड्याच्या शोधात बंगालभर फिरले, तीसेक वाडे पाहिले, एकही मनासारखा मिळेना. मुर्शिदाबाद जिल्ह्यात लालगोला इथे चहाच्या दुकानात भेटलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, निमतिता इथला चौधरींचा राजवाडा पाहा. ते गेले. पद्मा नदीच्या काठी, सभोवती वाळू आणि ओसाडी, मधोमध खांबांची ती भव्य वास्तू. पलीकडच्या तीरावर तेव्हाचं पूर्व पाकिस्तान. नदीनं पात्र बदलत आसपासची जमीन खरोखरच गिळलेली होती. कथेत हवं होतं ते सगळं तिथे आधीच होतं.

परत आल्यावर रे यांनी ताराशंकरांना वाडा सापडल्याचं सांगितलं. नाव ऐकून लेखक चकित झाले. निमतितेचे उपेंद्रनारायण चौधरी या संगीतप्रेमी जमीनदाराविषयी त्यांनी वाचलं होतं आणि त्यांच्यावरूनच विश्वंभर सुचला होता. लेखकानं तो वाडा पाहिलेला नव्हता, आणि दिग्दर्शकाला पात्राचं मूळ ठाऊक नव्हतं.

एक अडचण मात्र उरली. निमतितेतला दिवाणखाना चित्रपटासाठी पुरेसा भव्य नव्हता. म्हणून जलसाघर कोलकात्याच्या स्टुडिओत उभारला गेला. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तो इतका बेमालूम बांधला की बाहेरचा खरा वाडा आणि आतला नकली दिवाणखाना यांतला सांधा दिसत नाही. त्यावर सुब्रत मित्र यांचं छायांकन. पुढे 'देवी' (१९६०) या चित्रपटासाठी रे पुन्हा निमतितेला गेले.

छबी विश्वास यांनी नेमकं काय केलं?

विश्वंभरची भूमिका केलेले छबी विश्वास हे बंगाली रंगभूमी आणि चित्रपटांतलं मोठं नाव. तपन सिन्हांच्या 'काबुलीवाला'मधला त्यांचा रहमत अनेकांना आठवत असेल. गंमत अशी की संगीतावर जीव टाकणाऱ्या माणसाची भूमिका करणाऱ्या या नटाला संगीताचा कान नव्हता. रे यांनीच हे सांगितलं आहे. इसराजवर बोटं कशी फिरवायची हे त्यांना शिकून घ्यावं लागलं.

पडद्यावर ते कुठेही कळत नाही. विश्वास माना फार डोलावत नाहीत, हातवारे करत नाहीत. एखाद्या जागेला एक बोट किंचित हलतं, पापणी जड होते, एवढंच. शेवटच्या रात्री पूर्वजांच्या चित्रांसमोर पेला उंचावताना त्यांच्या चेहऱ्यावर जो माज येतो आणि क्षणात जी भीती येते, ती पाहण्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा. स्वतःच्याच तैलचित्रावर त्याला कोळी चालताना दिसतो. एकेक मेणबत्ती विझत जाते आणि हा बलदंड माणूस अंधाराला घाबरलेल्या मुलासारखा ओरडतो. नोकर अनंत त्याला समजावतो की घाबरायचं कारण नाही, उजाडलंय.

विश्वंभर सारखा आपल्या रक्ताचा अभिमान सांगत असतो. घराण्याचं रक्त, जे महिमकडे नाही. घोड्यावरून पडल्यावर तेच रक्त वाळूवर सांडतं, कोणाचंही सांडलं तर दिसेल तसंच.

संगीतकाराला जमीनदाराचा कळवळा का वाटला?

रे यांच्या आधीच्या चित्रपटांना पंडित रविशंकर यांचं संगीत होतं. 'जलसाघर'साठी त्यांनी सतारवादक उस्ताद विलायत खाँ यांना निवडलं. या निवडीत एक पेच दडलेला होता.

विलायत खाँ यांचा जन्म १९२८ मध्ये गौरीपूरचा, आजच्या बांगलादेशातला. वडील उस्ताद इनायत खाँ तिथल्या जमीनदारांच्या आश्रयाला होते. म्हणजे या संगीतकाराचं बालपणच एका जलसाघराच्या सावलीत गेलं होतं. इनायत खाँ वारले तेव्हा विलायत खाँ जेमतेम दहा वर्षांचे होते. विश्वंभरसारखी माणसं त्यांच्यासाठी इतिहासातली उधळी पात्रं नव्हती, ती घरच्या अन्नदात्यांसारखी होती. साहजिकच त्यांच्या संगीतात जमीनदाराविषयी माया उतरली.

रे यांनी पुढे मुलाखतींत याविषयी थोडी नाराजी बोलून दाखवली. त्यांना त्या वैभवाकडे जास्त तिरकस नजरेनं पाहणारं संगीत हवं होतं. १९६१ च्या 'तीन कन्या'पासून रे आपल्या चित्रपटांचं संगीत स्वतःच करू लागले, त्यामागे थोर वादकांबरोबर काम करतानाचे असे अनुभवही होते.

प्रेक्षकाच्या दृष्टीनं मात्र हा मतभेद फायद्याचा ठरला आहे. कॅमेरा विश्वंभरला तोलून पाहतो, संगीत त्याच्यासाठी हळहळतं. म्हणूनच आपल्याला त्याचा रागही येतो आणि तो पडतो तेव्हा वाईटही वाटतं. दोघांचं एकमत झालं असतं तर कदाचित सरळसोट निवाडा हाती आला असता.

मग संगीताचं काय झालं?

चित्रपट संपताना असं वाटतं की झुंबराबरोबर संगीतही विझलं. पडद्यावरच्या कलावंतांकडे पाहिलं तर वेगळं चित्र दिसतं.

बेगम अख्तर यांनी १९४५ मध्ये लग्नानंतर काही वर्षं गाणं थांबवलं होतं. त्या परतल्या त्या १९४९ मध्ये लखनौ रेडिओवरून. चित्रपटात ज्यांची सनई वाजते ते बिस्मिल्ला खाँ तोवर रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांमुळे देशभर पोचले होते. विलायत खाँ मोठ्या संगीत परिषदांत वाजवत होते. म्हणजे जमीनदाराच्या दिवाणखान्यात गाण्या-वाजवण्याचा प्रसंग रंगवणारे हे कलावंत त्या दिवाणखान्यावर अवलंबून राहिलेले नव्हते. कोलकात्यातली डोव्हर लेन संगीत परिषद १९५२ मध्ये सुरू झाली. पुण्यात भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ भरवायला घेतलेला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ चा. तिथे तिकीट काढून बसलेल्या माणसाला त्याचं कूळ कोणी विचारत नव्हतं.

महाराष्ट्रानं हे स्थित्यंतर जरा आधीच पाहिलं होतं. अल्लादिया खाँ यांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आश्रय होता. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले, तिथे शिष्य आणि रसिकांच्या बळावर राहिले. विष्णु दिगंबर पलुस्करांचं शिक्षण मिरजेत, संस्थानाच्या आधारानं झालं. पण त्यांनी दरबारात राहायचं नाकारलं, जाहीर मैफली केल्या आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकांनी संगीत जपलं हे खरं. त्या छताबाहेर पडायची हिंमत काही गवयांनी दाखवली, म्हणून ते तुमच्या-आमच्यापर्यंत आलं, हेही तितकंच खरं.

अर्थात या बदलात काही हरवलंही. पन्नास जाणकारांसमोर रात्रभर सावकाश खुलणारा राग आणि हजारोंच्या मांडवात तासाभरात आटपणारा राग एकच नसतो. घड्याळाकडे न पाहता ऐकणारा श्रोता दुर्मिळ झाला. विश्वंभरची आठवण येते ती इथे. त्याच्याकडे तो वेळ होता, तो कान होता. दुसऱ्यांच्या कष्टांवर मिळालेली ती फुरसत होती, हे समजूनसुद्धा त्या ऐकण्याचं मोल नाकारता येत नाही.

आज हा चित्रपट कसा पाहावा?

भारतात पहिल्यांदा आला तेव्हा 'जलसाघर'चं स्वागत संमिश्र झालं. परदेशात त्याचं मोठं नाव झालं ते बऱ्याच वर्षांनी. १९८१ मध्ये तो पॅरिसला लागला आणि फ्रेंच प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. २०११ मध्ये क्रायटेरियननं त्याची स्वच्छ केलेली प्रत प्रकाशित केली, त्यामुळे आता झुंबराचा एकेक लोलक आणि घुंगरांचा एकेक बोल नीट कळतो.

चित्रपटाची चाल संथ आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. मोबाइल बाजूला ठेवून, शक्यतो रात्री, चांगल्या स्पीकरवर पाहा. रागांची माहिती नसली तरी अडत नाही. मैफल चालू असताना गायकाकडे जितकं पाहाल तितकंच श्रोत्यांकडे पाहा आणि प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा, या क्षणी विश्वंभर गाणं ऐकतोय की आपण गाणं ऐकवतोय याचं सुख घेतोय?

पहिल्या मैफलीत उत्तर देणं कठीण जातं, तिसऱ्यात सोपं होतं. आणि तिसऱ्या मैफलीत महिमचा हात अडला म्हणून आपण मनातल्या मनात टाळी वाजवली असेल, तर नाचाकडे आपलंही लक्ष नव्हतं, हे तेवढं कबूल करावं लागतं.